'सेल्फ'वाला केटरिंग

मागच्या डिसेंबरातली गोष्ट. सारंगखेड्याची यात्रा उठली होती आणि आमच्या होस्टेलमध्ये सबमिशनचा हंगाम जोरात चालू होता. रात्री चहाला म्हणून आम्ही पाच जण अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावर आलो, तर ढाब्याशेजारी एक जुनाट मॅटॅडोर उभी. यात्रेत खेळणी विकणाऱ्या एका काकांची होती ती. गाडी कसली, घरच होतं ते! मागे फळ्यांचा पलंग, वर छोटा पंखा, एलईडीची पट्टी, मोबाइल चार्जर, स्टोव्हसाठी कोपरा. वर्षातले सहा-सात महिने काका या यात्रेतून त्या यात्रेत, आणि मुक्काम गाडीतच. त्यांना सकाळी गुजरातकडे निघायचं होतं आणि गाडी सेल्फच घेईना. चावी फिरवली की नुसतं टक... टक... टक, आणि पलंगावरचा दिवा मिणमिणणार.

आता समोर बंद पडलेली गाडी आणि हातात चार वर्षांची इंजिनिअरिंग, मग काय विचारता! एकानं बॅटरी उतरली असं जाहीर केलं. ढाबेवाल्याच्या पिकअपची बॅटरी काढून लावली, तरी टक टकच. मग सेल्फ जळला असा निकाल लागला आणि तो खाली उतरवायची तयारी सुरू झाली. तेवढ्यात खापर रस्त्यावरच्या गॅरेजचे एक म्हातारे मिस्त्री तिथं चहाला आले. त्यांनी काहीच उतरवलं नाही. एक जाड केबल मागितली, तिचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं सरळ इंजिनाच्या लोखंडाला धरलं आणि काकांना चावी मारायला लावली. इंजिन एका झटक्यात सुरू!

आम्ही केबल काढून पुन्हा सेल्फ मारायला लावला आणि यावेळी मल्टीमीटर लावून बघितलं. बॅटरीच्या टर्मिनलवर 11 व्होल्ट, पण सेल्फपर्यंत पोचत होते जेमतेम पावणेआठ. उरलेले सव्वातीन व्होल्ट वाटेत गळत होते आणि त्यातले बहुतेक अर्थच्या बाजूला. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणून ते चासीला जोडायला एक तांब्याची वेणीसारखी पट्टी असते. ती पार गंजली होती. सेल्फला दोनशेच्या आसपास अँपिअर लागतात. इतक्या करंटला वाटेत ओहमचा शंभरावा भाग जरी रोध आला तरी दोन व्होल्ट गेलेच समजा. दिव्याला, पंख्याला तो रोध जाणवतही नाही, म्हणून दिवा लागतो आणि आपण म्हणतो की लाइन तर चांगली आहे.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये सरांना मोठ्या ऐटीत हे सांगितलं. सरांनी शांतपणे विचारलं, गाडीत हा सेल्फ पहिल्यांदा बसवला कोणी? पाचही जण गप्प. एकानं सवयीप्रमाणे एडिसनचं नाव ठोकून दिलं. (उत्तर येत नसेल तर एडिसन, हा व्हायवाचा नियम आपल्या सगळ्यांना माहीत आहेच.) तर मित्रांनो, त्या फजितीची भरपाई म्हणून हा लेख.

त्या माणसाचं नाव चार्ल्स फ्रँकलिन केटरिंग. जन्म 29 ऑगस्ट 1876, अमेरिकेतल्या ओहायो राज्यात लाउडनव्हिल गावाजवळच्या एका शेतकरी घरात. पाच भावंडांतला चौथा. डोळे लहानपणापासून अधू. थोडं वाचलं की डोकं ठणकायचं. शाळा संपल्यावर काही काळ त्यानं मास्तरकी केली आणि मग ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत इंजिनिअरिंगला नाव घातलं. डोळ्यांनी इथेही दगा दिला आणि शिक्षण सोडून घरी बसायची वेळ आली. आपल्याकडे 'इयर डाउन' झालेल्या पोराचं जे होतं, तेच त्याचं झालं असणार.

पण हा घरी बसला नाही. टेलिफोनच्या तारा ओढणाऱ्या टोळीत कामाला लागला. खड्डे खणायचे, खांब रोवायचे, तारा ताणायच्या आणि लाइन बंद पडली की मैलोनमैल चालत जाऊन दोष शोधायचा. मोकळ्या हवेत डोळ्यांनाही आराम पडला. टोळीचा तो मुकादमही झाला. माझ्या मते केटरिंगचं खरं इंजिनिअरिंग इथे सुरू झालं. टेलिफोनच्या लाइनवर एका टोकाला बसून अंदाज बांधता येत नाही. अर्ध्यावर जाऊन तपासायचं, दोष अलीकडे आहे की पलीकडे ते ठरवायचं आणि मग उरलेल्याचं पुन्हा अर्ध करायचं. लाइनवर काम करणारा कुठलाही वायरमन आजही हेच करतो. पुढे तो कॉलेजात परतला. जोडीदार मोठ्यानं पुस्तकं वाचून दाखवायचे, हा ऐकून लक्षात ठेवायचा. 1904 साली, वयाच्या 27 व्या वर्षी, इलेक्ट्रिकल इंजिनिअरची पदवी हातात पडली.

नोकरी लागली डेटन शहरातल्या नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत. दुकानात गल्ल्यावर असायची ती हिशेबाची यंत्रं ही कंपनी बनवायची. तोवर ती हातानं दांडा ओढून चालत. केटरिंगनं 1906 च्या सुमारास त्यांना विजेची मोटर बसवली. यात एक मेख होती. ड्रॉवर उघडायला क्षणभर चांगलाच जोर लागतो, पण अगदी क्षणभरच. मग पुढचं गिऱ्हाईक येईपर्यंत मोटर गप्प. म्हणजे दिवसभर तेवढा जोर देणारी भलीमोठी मोटर कशाला हवी? छोटी मोटर घ्या, तिच्यावर क्षणभर भरपूर भार टाका, ती तापायच्या आत काम संपलेलं असेल. मशीन्सच्या पेपरमध्ये 'शॉर्ट टाइम ड्यूटी' म्हणून जे आपण घोकतो, ते या माणसानं गल्ल्याच्या पेटीत वापरून दाखवलं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्याच कंपनीत एडवर्ड डीड्स नावाचा मोठा अधिकारी होता. त्याच्या घरामागे एक धान्याचं कोठार होतं. नोकरी सुटल्यावर रात्री आणि शनिवारी केटरिंग आणि त्याचे काही सहकारी त्या कोठारात मोटारगाडीवर खटपट करू लागले. पहिलं काम इग्निशनचं. त्या काळात ठिणगी पाडायला कोरडे सेल वापरत आणि एका स्फोटासाठी ठिणग्यांचा वर्षाव व्हायचा, त्यामुळे सेल भराभर संपत. केटरिंगनं रिले वापरून एका स्फोटाला एकच, पण जोरदार ठिणगी पाडली आणि सेल कितीतरी जास्त दिवस टिकू लागले. कॅडिलॅकचे प्रमुख हेन्री लीलंड यांनी हजारो संचांची ऑर्डर दिली. 1909 साली कोठारातल्या मंडळींची कंपनी झाली, डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी. थोडक्यात डेल्को. गॅरेजमध्ये हे नाव अजून ऐकू येतं.

आता सेल्फची कथा. तेव्हा गाडी सुरू करायची म्हणजे पुढे जाऊन हँडल मारायचं. गावाकडे जुन्या डिझेल इंजिनाला हँडल मारताना ज्यांनी पाहिलंय, त्यांना सांगायला नको. ठिणगी आधी पडली तर इंजिन उलटा झटका देतं आणि हँडल मनगटावर नाहीतर जबड्यावर बसतं. लीलंड यांच्या ओळखीचे, कार्टरकार बनवणारे बायरन कार्टर हे अशाच झटक्यानं जखमी होऊन पुढे 1908 साली वारले आणि त्यावरून लीलंड यांनी हँडल हटवायचा चंग बांधला, असं सांगितलं जातं.

विजेनं इंजिन फिरवायचं ही कल्पना नवी नव्हती, प्रयत्न आधीही झाले होते. तज्ज्ञांचं गणित सरळ होतं. इंजिन फिरवायला अमुक हॉर्सपॉवर लागतात, तेवढी मोटर आणि तेवढी बॅटरी घेतली तर त्यांना वाहून न्यायलाच दुसरी गाडी लागेल. गणितात चूक नव्हती, फक्त ते सतत चालणाऱ्या मोटरचं होतं. केटरिंगला गल्ल्याचा ड्रॉवर आठवला. इंजिन फिरवायचंय ते काही सेकंद! छोटी मोटर, मोठा गिअर रेशो आणि थोडा वेळ भरपूर करंट. इंजिन सुरू झालं की तीच मोटर डायनमो होऊन बॅटरी पुन्हा भरणार. एकाच यंत्राकडून दोन कामं घ्यायची म्हणून सेल्फसाठी 24 व्होल्ट आणि चार्जिंगला, दिव्यांना 6 व्होल्ट अशी रचना केली. स्विच फिरला की बॅटऱ्या कधी सिरीजमध्ये, कधी पॅरललमध्ये. मध्ये असा क्लच की इंजिन वेगात आल्यावर त्यानं मोटरला फरफटवू नये.

फेब्रुवारी 1911 मध्ये पहिला संच कॅडिलॅकच्या गाडीवर चढला आणि 1912 च्या मॉडेलवर तो कंपनीतूनच बसून येऊ लागला. सेल्फ, इग्निशन आणि दिवे, तिन्ही एकाच बॅटरीच्या जिवावर. या कामासाठी कॅडिलॅकला इंग्लंडची ड्यूअर ट्रॉफी मिळाली. फोर्डच्या मॉडेल टीला सेल्फ मिळायला 1919 उजाडावं लागलं. हँडल गेलं आणि गाडी चालवायला दंडाची ताकद लागेनाशी झाली. बायका मोठ्या संख्येनं स्टिअरिंगवर बसल्या, त्यात या छोट्या मोटरचा वाटा मोठा आहे.

म्हणजे बघा, काकांच्या मॅटॅडोरमध्ये जे बिघडलं होतं त्याचं मूळ केटरिंगच्याच युक्तीत आहे. मोटर छोटी ठेवायची तर करंट प्रचंड घ्यावा लागतो. करंट प्रचंड म्हटला की वाटेतला प्रत्येक नट, प्रत्येक टर्मिनल, प्रत्येक गंजलेली पट्टी हिशेबात येते. आणि वाट म्हणजे जाण्याचीही आणि परत येण्याचीही. जाणारी लाल वायर सगळे तपासतात, परतीची वाट लोखंडातून असते म्हणून कोणी बघत नाही.

1916 मध्ये केटरिंगनं अजून एक गोष्ट काढली, डेल्को-लाइट. अमेरिकेतल्या शेतावर तेव्हा वीज पोचली नव्हती. एक लहान इंजिन, त्याला जोडलेला डायनमो आणि काचेच्या बरण्यांतले 16 लेड-ॲसिड सेल. 16 गुणिले 2, म्हणजे 32 व्होल्ट. दिवसा इंजिन चालवून बॅटरी भरा, रात्री दिवे लावा, पाण्याचा पंप चालवा. सातपुड्यातल्या पाड्यांवर सोलरची पाटी आणि बॅटरी आली तेव्हा आपण जे पाहिलं, तेच शंभर वर्षांपूर्वी तिकडे इंजिनवर झालं. चाकांवरच्या घरात मागे वेगळी बॅटरी ठेवून पंखा-दिवे चालवतात, तीही याचीच नातेवाईक.

पण इथेच पुढच्या भानगडीचं बीज आहे. डेल्को-लाइटचं इंजिन रॉकेलवर खडखडायचं, ज्याला आपण नॉकिंग म्हणतो. कॅडिलॅकमध्येही नॉकिंगचं खापर केटरिंगच्या बॅटरी-इग्निशनवर फोडलं जात होतं. आळ आपल्या वायरिंगवर आलाय म्हटल्यावर गडी इरेला पेटला. त्यानं थॉमस मिजली नावाचा तरुण मेकॅनिकल इंजिनिअर कामाला लावला. मिजलीनं इंजिनाला चक्क खिडकी बसवून आतला जाळ पाहिला. नॉकिंग ठिणगीच्या आधी होत नव्हतं, ठिणगीनंतर होत होतं. शेवटी उरलेलं इंधन एकदम भडकायचं. म्हणजे वायरिंग निर्दोष आणि दोष इंधनात! इथपर्यंत हे फॉल्ट-फाइंडिंगचं सुंदर उदाहरण आहे.

पुढचा किस्सा तर गमतीचाच. केटरिंगला एक रानफूल आठवलं, लालसर पानांचं, बर्फातच फुलणारं. लाल रंग उष्णता लवकर शोषतो म्हणून ते लवकर फुलत असेल, मग इंधनही लाल करून बघू या. लाल रंग सापडेना म्हणून मिजलीनं आयोडीन घातलं आणि नॉकिंग कमी झालं! नंतर खरे लाल रंग घातले तर शून्य फरक. कल्पना साफ चुकीची होती, पण दार उघडलं होतं. मग एकामागून एक मूलद्रव्यांची संयुगं तपासत 9 डिसेंबर 1921 ला ते टेट्राइथाइल लेडपर्यंत पोचले. शिसं. अगदी थोडंसं घातलं की इंजिन शांत.

1923 मध्ये डेटनमध्येच त्याची विक्री सुरू झाली. शिसं विषारी असतं हे कोणाला नव्याने सांगायचं नव्हतं, मिजलीला स्वतःलाच त्याची बाधा झाली होती. अल्कोहोल मिसळूनही नॉकिंग थांबतं हे या दोघांना माहीत होतं. ऑक्टोबर 1924 मध्ये न्यू जर्सीतल्या बेवे इथल्या कारखान्यात हे रसायन हाताळणारे 5 कामगार भ्रमिष्ट होऊन मेले. केटरिंग तेव्हा हे द्रव्य विकणाऱ्या इथिल कंपनीचा अध्यक्ष होता. विक्री काही काळ थांबली. मे 1925 मध्ये वॉशिंग्टनला परिषद झाली. डॉक्टर ॲलिस हॅमिल्टन आणि इतरांनी धोका सांगितला, केटरिंगनं शिशाची बाजू मांडली. 1926 मध्ये विक्री पुन्हा सुरू झाली आणि मग ते पेट्रोल जगभर गेलं.

मला हे वाचून खरंच वाईट वाटलं. सर्किटचा दोष शोधताना पूर्ण वळसा बघणारा हा माणूस, पेट्रोलच्या बाबतीत मात्र इंजिनापाशीच थांबला. सायलेन्सरमधून बाहेर पडलेलं शिसं पुढे कुठे जातं, हा त्याच सर्किटचा भाग होता. तो शोध 1965 च्या सुमारास क्लेअर पॅटरसन या शास्त्रज्ञानं जगासमोर मांडला आणि त्यापायी बराच विरोध सोसला. काही जण म्हणतात त्या काळाच्या मानानं हे समजून घ्यावं. मला ते पटत नाही, कारण सांगणारे त्याच खोलीत बसले होते.

असो. केटरिंग 1920 पासून जनरल मोटर्सच्या संशोधन विभागाचा प्रमुख होता आणि 1947 पर्यंत राहिला. या काळात झटपट वाळणारा रंग आला, फ्रिजमधला फ्रिऑन आला (तोही मिजलीचाच, आणि त्यानंही पुढे ओझोनचा घोळ केलाच). हवेवर थंड होणारं तांब्याच्या पात्यांचं इंजिन 1923 मध्ये सपशेल आपटलं आणि बाजारात गेलेल्या गाड्या परत बोलवाव्या लागल्या. रेल्वेसाठी दोन-स्ट्रोक डिझेल इंजिन मात्र जमलं. 26 मे 1934 ला त्या इंजिनाची झेफर गाडी डेन्व्हरहून निघून तेरा तासांत शिकागोला पोचली. वाफेच्या इंजिनांचे दिवस तिथून भरत आले.

चाकांवरच्या मुक्कामाशी केटरिंगचा थेट संबंधही आहे. 1933 ला शिकागोत मोठं जागतिक प्रदर्शन भरलं होतं. लहान गावातली माणसं इतक्या लांब येऊ शकत नाहीत, तर प्रदर्शनच गावात का नेऊ नये, असं त्याच्या मनात आलं. त्यातून 1936 मध्ये 'परेड ऑफ प्रोग्रेस' हा फिरता ताफा निघाला. अगदी आपल्या यात्रेतल्या तंबूसारखा, फक्त पाळण्याऐवजी विज्ञानाचे प्रयोग. 1940 मध्ये या ताफ्यासाठी 12 खास गाड्या बांधल्या, त्यांना फ्यूचरलायनर म्हणत. जवळपास 10 मीटर लांब, ड्रायव्हर मधोमध उंचावर बसलेला, बाजूच्या भिंती उघडल्या की रंगमंच आणि वर सरकून येणारा दिव्यांचा मनोरा. दुसऱ्या महायुद्धानं हा ताफा थांबवला. 1953 ते 1956 मध्ये तो पुन्हा फिरला आणि मग गाड्या विकल्या गेल्या. काही गंजून संपल्या, काही हौशी मंडळींनी वर्षानुवर्षं खपून पुन्हा चालत्या केल्या. इतक्या दिव्यांचं जुनं वायरिंग एकेक वायर धरून शोधायचं म्हणजे काय, हे त्या मॅटॅडोरनंतर आम्हाला थोडंफार कळतं.

वर्गात काही आठवडे आणि कारखान्यात काही आठवडे अशा शिक्षणाचा तो मोठा पुरस्कर्ता होता. फ्लिंट शहरातल्या ज्या संस्थेत हे चालायचं, तिला 1998 पासून केटरिंग युनिव्हर्सिटी म्हणतात. न्यूयॉर्कचं स्लोन-केटरिंग कॅन्सर संशोधन केंद्र आपण बातम्यांत ऐकतो, त्यातला केटरिंग हाच. गवत हिरवं का असतं, पान उन्हातून शक्ती कशी साठवतं, यावरही तो अनेक वर्षं स्वतःचे पैसे घालून संशोधन करवून घेत होता. पत्नी ऑलिव्ह 1946 मध्ये गेली. नोव्हेंबर 1958 मध्ये, 82 व्या वर्षी, डेटनजवळच्या आपल्या घरी तो वारला. नावावर 186 पेटंट. त्याच्या घराभोवतीच्या गावालाही तोवर केटरिंग हेच नाव पडलं होतं.

भारतात शिसंविरहित पेट्रोल सगळीकडे आलं ते 2000 साली. जगातलं शेवटचं शिसंवालं पेट्रोल अल्जीरियात 2021 मध्ये बंद झालं, म्हणजे डेटनच्या त्या पहिल्या विक्रीनंतर 98 वर्षांनी. सेल्फ मात्र आहे तिथेच आहे. शिसंही आहे, बॅटरीच्या डब्यात बंद.

काकांच्या गाडीची अर्थ पट्टी मिस्त्रींनी काढली, पॉलिश पेपरनं दोन्ही टोकं आणि चासीचा भाग चकाकेपर्यंत घासला, ग्रीस लावून बोल्ट आवळला. ॲक्सिलरेटरच्या केबलला हात लावून बघायला सांगितलं, ती अजून कोमट होती. परतीचा करंट बिचारा त्या बारीक केबलमधून वाट काढत होता. मजुरी म्हणून त्यांनी चहाचे पैसे सांगितले. काकांनी आम्हा पाच जणांना एकेक भिरभिरं दिलं. माझं अजून खिडकीच्या गजाला बांधलेलं आहे.